कारणासह गैरहजर

आमच्या आमदार आबांइतका स्वतःविरुद्ध लिहून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि ते लिहायला हात माझा वापरायचे, ही त्याहून वाईट गोष्ट.

बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचं घर. ओट्यावर शाळेनं टाकून दिलेला एक फळा टांगलेला. अधिवेशन संपवून आबा मुंबईहून आले, की शनिवारी बाजार भरायच्या आत समोरच्या माझ्या टायपिंग क्लासकडे हाक यायची, "पोरी, खडू लई ये!" मग खिशातली डायरी काढून ते सांगणार आणि मी लिहिणार. किती दिवस हजर, किती प्रश्न विचारले, कशाला 'होय' म्हटलं, कशाला 'नाही', कोणतं विधेयक मांडलं. इथवर ठीक. पण गैरहजेरीही लिहायची, आणि तीही कारणासह. 'मंगळवार. गैरहजर. भाचीची हळद, धुळे.' 'गुरुवार. हजर. जेवणानंतर झोप लागली.' लोक पिशव्या खाली ठेवून वाचायचे, हसायचे. आबाही त्यांच्यात उभे राहून हसायचे. लाज वाटायची ती मला, अक्षर माझं होतं ना!

एकदा त्यांनी लिहायला लावलं, 'पक्षानं सांगितलं म्हणून होय म्हटलं. मन नाही म्हणत होतं.' तिसऱ्या दिवशी धुळ्याहून पक्षाचे एक पुढारी गाडी घेऊन हजर. "आबा, हे आधी पुसा," म्हणाले. आबांनी शांतपणे ओलं फडकं त्यांच्यापुढे धरलं. "तुम्हीच पुसा ना भाऊ. पन कोनी पुसं, ते बी मी आठे लिखसू." पुढारी चहासुद्धा न घेता गेले. ओळ पुढच्या अधिवेशनापर्यंत तशीच होती.

आबा मुंबईला जायचे-यायचे एसटीनं. आमदारांसाठी राखीव असलेल्या सीटवर मात्र मी त्यांना क्वचितच बसलेलं पाहिलं. तिथे कुणीतरी लेकुरवाळी नाहीतर टोपलीवाली बाई असायची आणि आबा दांडीला धरून तिच्याशी गप्पा मारत उभे. अशाच एका प्रवासात त्यांना धुडकीअक्का भेटली. साक्रीकडच्या डोंगरातल्या गावाहून ती दर शनिवारी शेंगा आणि रानभाज्या विकायला यायची. ऊन रणरणतं होतं, आबांनी तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. तिनं हात मागे घेतला.

"बाजारना दिन मी सकायपाइन पानीना घोट लेस नही, आबा. पानी पिसू ते जासू कोठे?"

खरंच होतं ते. अख्ख्या बाजारात बायांना जायला एक आडोसा नव्हता. इतकी वर्षं त्या बाजारातून मीही भाजी घेतली, पण समोरची बाई तहानलेली बसली आहे हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. आबांनी दुसऱ्याच दिवशी मला टायपिंगच्या मशीनवर बसवलं. प्रत्येक आठवडे बाजारात बायांसाठी संडास, मुतारी आणि पाणी असलंच पाहिजे, असं विधेयक. मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक शुक्रवारी येतं. मंत्री म्हणतात, 'शासन सकारात्मक आहे', मग आमदारानं आभार मानून ते मागे घ्यायचं, अशी तिथली रीत. आबांनीही घेतलं. फळ्यावर आलं, 'विधेयक मागे घेतलं. मंत्र्यांचा शब्द मिळाला.' अक्काला वाचता येत नसे, तिला मी वाचून दाखवलं. ती आबांकडे वळली.

"शब्दना आडोसा व्हस का, आबा?"

आबांचे कान लाल झाले. तिथल्या तिथे त्यांनी सांगितलं, की पुन्हा मांडतो, आणि या वेळी मागे घेणार नाही, सगळ्यांना मत द्यायला लावतो.

विधेयक पुन्हा आलं ते निवडणुकीआधीच्या शेवटच्या अधिवेशनात. शुक्रवारी, सातव्या नंबरावर. आबांनी अंदाज बांधला, सातव्या नंबरापर्यंत कुठली गाडी पोचते! दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि आबांनी शनिवारचा बाजार कधी चुकवला नव्हता. त्यांनी दुपारची एसटी धरली. कसारा घाटात फोन वाजला. आधीच्या सहाही जणांनी रीतीप्रमाणे शब्द घेऊन विधेयकं पटापट मागे घेतली होती. आबांचं नाव पुकारलं गेलं आणि उठायला कुणी नव्हतं, विधेयक तिथेच बारगळलं.

सकाळी मी खडू घेऊन गेले तेव्हा आबा फळ्यासमोर उभे होते. चहा तसाच निवून गेलेला.

"आबा, निवडणूक तोंडावर आहे," मी हात जोडले. "आजवर सगळं लिहिलंत, एवढी एक ओळ गाळा. कुणाला कळणार आहे?"

"बठ्ठं लिखं, नि हाईच सोडू?" ते म्हणाले. "लिख पोरी. बारीक नको, मोठं लिख."

'शुक्रवार. अक्काचं विधेयक पुकारलं. मी गैरहजर. कारण: बाजार गाठायची घाई.'

अक्का आली. मी वाचून दाखवलं. "चुकनात आबा," एवढंच बोलली आणि टोपली उचलून आपल्या जागेवर गेली. संध्याकाळपर्यंत त्या ओळीचा फोटो तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. विरोधकांना दुसरा प्रचार करावाच लागला नाही. आबा पडले. मला इतका राग आला होता, की चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी हाक आली, "पोरी, खडू!" आमदारकी गेली तरी फळा चालूच. आता आबा बाजारातल्या आडोशाचं विचारायला दर सोमवारी नगरपंचायतीत मुख्याधिकारी साहेबांच्या दारातल्या बाकावर जाऊन बसत. 'सोमवार. मी हजर. साहेब गैरहजर. कारण दिलं नाही.' असे कितीतरी सोमवार मी लिहिले. पुढे पुढे लोक आबांपेक्षा साहेबांचीच ओळ आधी वाचू लागले, आणि साहेब हजर राहू लागले. दोन उन्हाळे गेले आणि बाजाराच्या कडेला चार दारांची, नळ असलेली एक पक्की खोली उभी राहिली. उद्‌घाटन वगैरे काही झालं नाही. एका शनिवारी अक्का आत जाऊन आली, झालं.

आबा गेल्या थंडीत गेले. दोन दिवसांचा ताप, बस. पुढच्या शनिवारी मी सवयीनं खडू घेऊन ओट्यावर चढले. 'शनिवार. आबा गैरहजर,' एवढं लिहिलं आणि हात थांबला. डोळ्यांपुढे फळा दिसेना. धुडकीअक्का कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिनं विचारलं, मी वाचलं.

"नि कारण?"

मी खडू पुन्हा फळ्याला टेकवला. तिनं माझ्या हातातला खडू काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे. ही रजा आम्ही दिधी त्यास्ले."

मग ती ओट्यावर टेकली. टोपलीतून पाण्याची बाटली काढली आणि भर बाजारात, सगळ्यांदेखत, घटाघटा सगळी प्यायली.