दुपारी झोपू देणारा लॅपटॉप

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती माझ्या लॅपटॉपच्या आवाजाची.

मी घरी बसून इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू करते. कॉन्ट्रॅक्टर फ्लॅटचा नकाशा पाठवतो, मी त्यातलं किचन, बेडरूम, फॉल्स सीलिंग संगणकावर उभं करते आणि गिऱ्हाइकाला फोटोसारखं चित्र मिळतं. ते शेवटचं चित्र तयार करायला लावायचं, त्याला आम्ही रेंडर म्हणतो. रेंडर लागला की लॅपटॉपचा जीव निघतो. तो तापतो आणि आतले पंखे जोरात पळायला लागतात. माझा जुना लॅपटॉप तर मिक्सरसारखा ओरडायचा.

माझा नवरा न्हावा शेवाच्या बाजूला एका यार्डात क्रेन चालवतो. चार-पाच मजले उंच केबिनमध्ये बसायचं, पायाखालच्या काचेतून खाली बघायचं, ट्रेलरवरचा कंटेनर उचलायचा आणि रांगेत रचायचा. काम पाळ्यांचं. रात्रपाळी असली की सकाळी कंपनीच्या बसने येतो, आंघोळ करून दोन पोळ्या खातो आणि झोपतो. करंजाड्यातला आमचा फ्लॅट वन बीएचके. आत तो झोपणार, बाहेर हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर मी काम करणार.

मोठे रेंडर मी तो कामावर गेल्यावरच लावायचे. पण गिऱ्हाईक सकाळी चित्र बघायचं आणि दुपारी कॉन्ट्रॅक्टरचा फोन यायचा. "मॅडम, किचनच्या कपाटांचं शटर ग्रे नको, आयव्हरी करा. संध्याकाळी पार्टी परत येणार आहे." मग भर दुपारी रेंडर लावणं आलंच. मी दाराच्या फटीला टॉवेल लावायची. लॅपटॉपखाली बाटलीची झाकणं ठेवून हवा खेळती करायची. एकदा तो किचनच्या ओट्यावर नेऊन ठेवला, तर तिथल्या उकाड्यात तो अर्ध्यातच बंद पडला. नवऱ्याला कानात घालायचे बोळे आणून दिले. त्याने एक दिवस घातले आणि काढून ठेवले.

"नको. ते घातले की माझंच काळीज वाजताना ऐकू येतं," तो म्हणाला.

तो मूळचा इथलाच, नवी मुंबईतल्या शिरवण्याचा. मी साताऱ्याकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी त्याचं 'हाय' आणि 'पानी' माझ्या तोंडी बसलं नाही आणि माझं 'व्हय' त्याच्या. पण त्याच्या बोलण्यावरून त्याचा दिवस कसा गेला ते मला ओळखता येतं. दिवस वाईट गेला की तो कमी बोलतो आणि शब्द अगदी सावकाश टाकतो.

एका सकाळी तो उशिरा आला आणि बूट न काढताच खुर्चीवर बसला.

"आज ट्रेलर उचलला गेला," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. कंटेनर ट्रेलरला चारही कोपऱ्यांत लॉकने बसवलेला असतो. एक लॉक उघडायचं राहिलं होतं. कंटेनर जरासा उचलून क्रेनवाल्याने थांबायचं, खाली बघायचं आणि मगच वर घ्यायचा, असा नियम आहे. हा थांबला नाही. कंटेनरबरोबर ट्रेलरची मागची चाकं जमिनीवरून उठली. ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये बसलेला. खालचा माणूस वॉकीटॉकीवर ओरडला, तेव्हा याने सगळं हळूहळू खाली घेतलं.

"कोणाला लागलं?"

"नाय."

"मग?"

"मग काय. रिपोर्ट झाला. काही दिवस क्रेनवर बसवनार नाय. खाली उभं राहायचं."

"अरे, पण असं झालं कसं?"

त्याने बुटाची नाडी ओढली. "डोळे उघडे होते. पन बघत नव्हतो."

तो आत जाऊन पडला. मी लॅपटॉप उघडलाच नाही. आदल्या दुपारी एक मोठं किचन लावलं होतं आणि जेवणापासून चहापर्यंत तो पंखा ओरडत होता, हे मला आठवत होतं. याची झोप मीच मोडली, असं तो एका शब्दाने म्हणाला नाही. पण तेव्हापासून तो कामावर गेला की फोन वाजला तरी मी हातातलं टाकून धावायची. ड्रायव्हरची केबिन, उठलेली चाकं, हेच डोळ्यांपुढे यायचं. नवा लॅपटॉप घ्यायचाच, हे मी त्याच आठवड्यात ठरवलं. तोपर्यंत दुपारची कामं मी सरळ दुसऱ्या दिवसावर ढकलत होते, आणि कॉन्ट्रॅक्टरचा आवाज चढत होता.

घ्यायचा तर कोणता, हा मोठा घोळ होता. मी मोबाईलवर लॅपटॉपची माहिती देणाऱ्यांचे व्हिडिओ बघायला लागले. सगळे एसीत बसून बोलत होते. एक म्हणायचा, या किमतीत एवढी ताकद कुठे मिळणार नाही. दुसरा त्याच लॅपटॉपबद्दल म्हणायचा, तापला की हा स्वतःच वेग कमी करतो, मग ताकदीचा उपयोग काय. करंजाड्यात मे महिन्यात दुपारी तीन वाजता, वर गच्ची तापलेली असताना तो कसा चालेल, हे कोणी सांगत नव्हतं. आणि बंद दाराआड माणूस झोपेल का, हे तर नाहीच.

कॉन्ट्रॅक्टरला विचारलं. "मॅडम, डोळे मिटून गेमिंगवाला घ्या. मला स्पीड पाहिजे."

नवऱ्याला विचारलं. "तुझ्या कामाला लागेल तो घे. माझा विचार नको करू."

एवढं म्हणून त्याने माझी काळजी दुप्पट केली.

शेवटी पेनड्राइव्हवर माझं सगळ्यात जड किचन घेतलं आणि पनवेलला एका मोठ्या दुकानात गेले. तिथे टीव्ही लावलेले, गाणी चालू, गर्दी. त्यात लॅपटॉपचा पंखा काय ऐकू येणार? मी विक्रेत्याला म्हटलं, "मला जिथे शांतता आहे अशा जागी हे चालवून बघायचंय. आणि जमलं तर एसी नसलेल्या जागी."

तो माझ्याच वयाचा असेल. त्याने मला एकदा नीट पाहिलं. "मॅडम, लोक एसीत बसायला दुकानात येतात."

पण माणूस चांगला होता. दुकानाच्या मागे माल ठेवायची खोली होती, तिथे फ्रिजच्या खोक्यावर त्याने एकामागून एक तीन लॅपटॉप लावून दिले. पहिला पातळ, दिसायला देखणा. सुरुवातीला आवाजच नाही. मग हळूहळू चित्र पुढे सरकेना. हात लावला तर कीबोर्डच्या वरची पट्टी चटका बसेल इतकी तापलेली. दुसरा गेमिंगवाला. त्याने माझं किचन बघता बघता संपवलं, मी पाहतच राहिले, पण खोलीत बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागत होतं.

"आवाज म्हणजे पॉवर, मॅडम," विक्रेता म्हणाला.

"माझा नवरा रात्रपाळी करतो. दुपारी झोपतो."

"मग असं सांगा ना," तो म्हणाला आणि तिसरा आणायला गेला.

तिसरा जाडजूड, वजनाला जड, मागच्या बाजूला रुंद जाळ्या. त्यातलं ग्राफिक्स कार्ड गेमिंगवाल्यापेक्षा एक पायरी खालचं आणि किंमत मात्र वरची. जास्तीचे पैसे ते उष्णता बाहेर काढायच्या सोयीचे. पंखे लागले, पण त्यांचा आवाज वरच्या सीलिंग फॅनच्या आवाजात मिसळून जात होता. चित्राला वेळ लागला, पण वेग शेवटपर्यंत तोच राहिला. मी खोक्यांमध्ये स्टुलावर बसून घाम पुसत बघत होते. जास्त पैसे देऊन कमी ताकद घ्यायची, हे मन काही केल्या मानत नव्हतं. उद्या कॉन्ट्रॅक्टरने काम दुसऱ्याला दिलं तर? आणि गेमिंगवाला नेला आणि पुन्हा एखादा ट्रेलर उचलला गेला तर? मी दुकानाबाहेर जाऊन उसाचा रस प्यायले, परत आत आले, परत दोन्हींवर हात ठेवून पाहिला. तिसरा घेतला. घरी येताना रिक्षात तो मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि चूक केली असं वाटत होतं.

नवरा पुन्हा क्रेनवर बसायला लागला होता. त्याची पहिली रात्रपाळी आली. दुपारी मी मुद्दाम रेंडर लावला. घर शांत. खालच्या रस्त्यावर टँकर मागे घेताना वाजतो तो आवाज, सीलिंग फॅन, बस. मी कितीतरी दिवसांनी खांदे सैल सोडले.

आणि मग ऐकू आलं. आतला पलंग करकरला. थोड्या वेळाने पुन्हा करकरला. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरलं. कूस बदलली, उसासा टाकला, पुन्हा कूस बदलली. जुन्या लॅपटॉपच्या ओरड्यात यातलं काहीच मला कधी ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारी मी उठले आणि दार उघडलं. तो पाठीवर पडून छताकडे बघत होता. डोळे टक्क उघडे.

"झोपला नाहीस?"

"झोपतो."

"माझ्या आवाजाने?"

"तुझा आवाज आता कुठं हाय?" तो जरासा हसला. मग कुशीवर वळून म्हणाला, "अगं, तो आवाज होता तेव्हा बरं होतं. वाटायचं, त्याच्यामुळेच झोप येत नाय."

मी पलंगाच्या कडेला बसले. मग एकेक करत बाहेर आलं. दिवाळीपासून यार्डात बोलणं चाललं होतं, की क्रेनवाल्यांना केबिनमधून खाली ऑफिसात आणणार. क्रेनला कॅमेरे, ऑफिसात स्क्रीन आणि हातात क्रेन हलवायची दांडी. एक माणूस दोन-तीन क्रेन सांभाळणार. म्हणजे बाकीच्यांचं काय, ते कोणी सांगत नव्हतं. याला चाचणीला दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा कंटेनर नीट बसला नव्हता.

"काचेतून बघतो तेव्हा मला कळतं, खाली किती राहिलं ते. स्क्रीनवर सगळं चपटं दिसतं गं. काय कळत नाय."

"आणि हे मला आत्ता सांगतोस?"

"तुला सांगून तुझी पन झोप गेली असती."

मला त्याचा राग आला आणि तितकीच भीतीही वाटली. इतके दिवस मी टॉवेल, झाकणं, बोळे करत हिंडत होते, खोक्यांमध्ये बसून पंखे ऐकत होते, आणि खरं कारण दाराच्या पलीकडे जागं पडलेलं होतं. ते कुठल्याच दुकानातून बदलून मिळणार नव्हतं. आता त्याच्याबरोबर मीही जागी राहणार होते, एवढंच.

पण त्याचा 'चपटं' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. कारण चपट्या स्क्रीनवर वस्तूंमधलं अंतर ओळखणं, हेच तर मी रोज करते. कपाट भिंतीला टेकलंय की हवेत आहे, हे मी त्याच्या सावलीवरून ओळखते. वस्तू खाली येते तशी तिची सावली तिच्याजवळ सरकते. टेकली की दोन्हींमधली फट मिटते.

दोन दिवस गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून मी त्याच्यासाठी एक यार्ड बनवलं. साधे ठोकळ्यांचे कंटेनर, एक ट्रेलर, वरून आणि बाजूंनी बघणारे चार कॅमेरे. माऊसने कंटेनर खाली आणता येईल असं केलं. त्याने सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्यांच्या जागा दोनदा बदलल्या. सुरुवातीला दृश्य अडकत अडकत चालत होतं. गेमिंगवाल्यावर ते सरसर चाललं असतं, हे मला दिसत होतं. मी कंटेनरचे रंग, पत्र्याच्या घड्या, सगळं काढून टाकलं, तेव्हा कुठे ते सुरळीत झालं.

"कंटेनरकडे बघू नको," मी त्याला म्हणायची. "त्याच्या सावलीकडे बघ."

"आनि ऊन नसलं तर?"

"रात्री दिवे असतातच की तुमचे."

तो खूप चुकायचा. एकदा वैतागून उठून गेला. पण संध्याकाळी चहा घेऊन स्वतःच परत टेबलावर येऊन बसला.

मधल्या काळात कॉन्ट्रॅक्टरने त्याच्या दोन मोठ्या बंगल्यांची कामं वाशीतल्या एका ऑफिसला दिली. "तिकडे लवकर होतं, मॅडम," एवढंच म्हणाला. फ्लॅटची छोटी कामं अजून माझ्याकडे येतात. चांगला वेग विकत घेतला असता तर ती मोठी कामं राहिली असती का, हे मी अजूनही कधीकधी मनात घोळवते.

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी मी काही काम केलं नाही. भाजी चिरली, ओटा पुसला, पुन्हा पुसला. दुपारी त्याचा फोन आला.

"काय झालं?"

"पहिला वाकडा गेला. बाकीचे बसले."

"म्हणजे घेतलं?"

"दुसऱ्या तुकडीत नाव हाय. ती कधी चालू करनार ते म्हाईत नाय."

ती अजून चालू झालेली नाही. तो अजून वरच्या केबिनमध्येच बसतो. काही दुपारी झोपतो, काही दुपारी पलंग करकरतो. मी आता उठून आत जाते आणि पाच मिनिटं बसते.

गेल्या रविवारी तो यार्डातल्या आणखी दोघांना घेऊन आला. दोघांचीही नावं ऑफिसातून क्रेन चालवणाऱ्यांच्या यादीत नव्हती. आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती ते दाटीवाटीने बसले. पहिल्याला पटकन जमलं. दुसरा वयाने मोठा, पिकल्या मिशांचा. त्याचा कंटेनर दर वेळी ट्रेलरच्या शेजारी जमिनीवर बसत होता. तो माऊस सोडून हात मांडीवर ठेवून बसला. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी त्या मिशीवाल्यापुढे चहाचा कप धरला.

त्याने कप घेतला, पण ओठाला लावला नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "परत एकदा लावा."