अडकलेले मेल आणि माझे साडू

सोलापुरात ज्याचा म्हणून मेल अडकतो, तो माणूस आज ना उद्या माझ्या साडूंच्या दारात उभा राहतो. वकील, डॉक्टर, टॉवेलचे कारखानदार, परदेशी द्राक्षं पाठवणारे बागायतदार, सगळे. यात पोटात दुखण्यासारखं काय आहे, असं बायको मला विचारते. तिला काय सांगणार? कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा माझ्याकडे आहे, तोही पहिल्या श्रेणीत. टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात बारा वर्षं मेल मीच बघतो. साडू मूळचे नातेपुत्याचे, दहावी नापास, उमेदीची सगळी वर्षं पॉवरलूमच्या शेडमध्ये माग दुरुस्त करण्यात गेलेली. इंग्रजी ते अक्षराला अक्षर जोडून वाचतात. तरीही घरचा कॉम्प्युटर रुसला की बायको माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी आंघोळीला गेलो की हळूच बहिणीला फोन लावते, "अक्का, भाऊजींना जरा पाठव गं." मी डोकं पुसत बाहेर येतो तोवर भाऊजी माझ्या खुर्चीत बसलेले असतात.

बसलेले म्हणजे नुसते बसलेले. मशिनला हात लावण्याआधी ते हाताची घडी घालून घरच्यांची उलटतपासणी घेतात. शेवटचा मेल कधी आला, कुणाचा आला, त्यानंतर घरात नवीन काय झालं. बार्शीच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचा प्रोग्राम सारखा पासवर्ड मागत होता. तिथं आधी मी गेलो होतो. प्रोग्राम दोनदा काढून दोनदा नव्यानं टाकला आणि शेवटी, आता नवा कॉम्प्युटरच घ्या, असा सल्ला देऊन एसटीनं परत आलो. साडूंनी तिथं तासभर गप्पा मारल्या. तेवढ्यात कळलं की सुनेनं आठवड्यापूर्वी फोनवरून पासवर्ड बदलला होता आणि कॉम्प्युटर बिचारा जुनाच सांगत बसला होता. नवा टाकला, झालं. तो व्यापारी मला अजून कुठं भेटला की साडूंची खुशाली विचारतो. माझी नाही.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे वाचण्याची. पडद्यावर सूचनेची चौकट उभी राहिली की आपण माणसं ती न वाचताच घालवतो. साडू ती मोठ्यानं, अडखळत, पूर्णविरामापर्यंत वाचतात. न कळलेला शब्द वहीत देवनागरीत उतरवतात आणि पेशंट तसाच सोडून शेजारच्या शाळेतल्या बाईंना अर्थ विचारायला चालू लागतात. एका दातांच्या डॉक्टरांकडे मेल उघडला की 'सर्टिफिकेट'बद्दल काहीतरी तक्रार यायची. मी असतो तर इंटरनेटवाल्याशी भांडलो असतो. साडूंना बाईंकडून कळलं की त्या सर्टिफिकेटला मुदत असते. मुदत म्हटल्यावर त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, तर कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागं जगत होता. आतला बटणाएवढा सेल संपला होता. सेल बदलून तारीख लावली आणि मेल धडाधड येऊन पडले.

पैशाला ते हात लावत नाहीत. त्यांचा हट्ट एकच, दुरुस्तीनंतर येणारा पहिला मेल त्यांना वाचून दाखवायचा. दातांच्या डॉक्टरांना पहिली विम्याची जाहिरात आली, ती साडूंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. एका वकीलसाहेबांनी मजकूर गुप्त आहे म्हणून टाळाटाळ केली, तर साडू हलेचनात. अखेर साहेबांनी नावं गाळून वाचला. लोक हे सगळं कौतुकानं सांगतात. मी केलं असतं तर भोचक म्हणाले असते.

गेल्या उन्हाळ्यात मात्र माझ्यावरच वेळ आली. आमच्या कारखान्याचा माल घेणाऱ्या एक जर्मन बाई आहेत. त्यांचे मेल अचानक बंद झाले. इतरांचे येत होते, फक्त बाईंचे नाहीत. मी वायर बदलली, प्रोग्राम काढला, टाकला, पुन्हा काढला. चौथ्या दिवशी बाईंचा मालकांना फोन आला, की इतकी पत्रं लिहून उत्तर का नाही, ऑर्डर दुसरीकडे देऊ का? मालकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या साडूंना बोलवा."

स्वतःच्या हातानं तो फोन लावताना मला काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साडू स्कूटरवरून आले, मालकांशेजारी बसले आणि चौकशी सुरू झाली. बाईंचा शेवटचा मेल सोमवारचा. सोमवारी काय केलं होतं? काही नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी प्रोग्राममधली नियमांची यादी उघडली. आलेला मेल परस्पर कुठं टाकायचा, हे तिथं ठरवून ठेवता येतं. यादीत एकच नियम होता. विषयात 'ऑफर' असा शब्द असेल तो मेल 'नको' नावाच्या फोल्डरमध्ये टाकावा. तो मीच लावला होता. सोमवारी, जाहिरातींना कंटाळून. आणि बाई दर मेलला विषय लिहायच्या, नव्या मालाची ऑफर पाठवा.

'नको'मध्ये त्यांचे सात मेल होते. साडूंनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, क्षणभरच. माझी नोकरी त्या क्षणात होती.

मालकांनी विचारलं, काय झालं होतं? "जाहिराती अडवायला चाळण असती ह्यात," साडू म्हणाले. "तिच्यात अडकलं हुतं. हुतं असं." मग तो नियम पुसून त्यांनी बाईंचा पहिला मेल वाचून घेतला. पट्ट्यापट्ट्यांच्या टॉवेलचा होता. मालकांनी तिथूनच बाईंना फोन लावला आणि ऑर्डर राहिली.

मी त्यांना पोचवायला खाली गेलो. आभार मानायला हवे होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. मालकांना खरं का सांगितलं नाही, माझ्यावर उपकार करायचे होते का, असं मी चक्क भांडणाच्या सुरात विचारलं.

साडू स्कूटरची सीट पुसत राहिले. मग म्हणाले, "साडूभाऊ, तुमाला ठावं हाय का, मी ह्यात कशापायी पडलो? तुमच्या लग्नाच्या वर्षी मामा मला म्हनले, धाकटे जावई कॉम्प्युटर शिकल्यात, लई हुशार हायती, घराचं नाव काढतील. दर दिवाळीला तेच. मला लई लागलं बगा. शेडमधनं सुटलो की सायबर कॅफेत जाऊन बसायचो. तुमच्यावर जळून शिकलो मी."

मामा म्हणजे आमचे सासरे. जाऊन सहा वर्षं झाली. साडू थोडे हसले, अक्का जेवायला थांबली असेल म्हणाले आणि गेले.

मी गेटपाशी बराच वेळ उन्हात उभा होतो. सासरे माझ्याशी कधी चार शब्दांपलीकडे बोलले नाहीत. जेवलात का, गाडी कितीची आहे, एवढंच. दिवाळीला ओसरीवर ते आणि साडू तास-तास बोलत बसायचे आणि मी आत पेपर चाळत, आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून मनातून धुमसत असायचो. ते बोलणं माझ्याबद्दल चालायचं, हे मला आता कळत होतं. एवढं कौतुक होतं, आणि ते साडूंच्या वाट्याला आलं होतं. त्यांना तर ते टोचलंच. पण सासऱ्यांच्या तोंडून, सासऱ्यांच्या आवाजात, ते त्यांनी ऐकलं. मी नाही.