पश्चिमेकडचा तांबडा-हिरवा दिवा

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून अलकनंदाबाईंना बोलायला माणूस उरलं नव्हतं. नवरा विनायकराव हवामान खात्यात अधिकारी. घरी आले की फोनमध्ये. जानेवारीतल्या एका संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना बाईंना पश्चिमेच्या धुरकट आभाळात एक दिवा दिसला. क्षणात तांबडा, क्षणात हिरवा, जागच्या जागी थरथरणारा. त्या धावतच खाली आल्या.

"अहो, विमान कधी एका जागी थांबतं का?"

विनायकराव वर जाऊन पाहून आले. "अच्छा! लक्ष ठेव. रोज सांगत जा मला."

इतक्या वर्षांच्या संसारात 'सांगत जा' असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. बाई हरखल्या. रोज सांगू लागल्या. परग्रहावरचं यान असेल, हेही लाजत लाजत बोलून गेल्या.

मग विनायकरावांनी ऑफिसातली मंडळी चहाला बोलावली. "अलका, सांग ना यांना तुझ्या यानाचं." बाईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करत सगळं सांगितलं. कुणीतरी फोनवर ते टिपलंही.

बाईंचं सांगून झाल्यावर विनायकरावांनी कप खाली ठेवला. "वो शुक्र है. थंडीत जमिनीलगत गार हवा, वर उबदार थर. त्यातून येताना उजेड वाकतो, रंग फुटतात, शुक्र नाचल्यासारखा दिसतो. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, बघू हिची मजल कुठवर जाते!"

"भाभीजी, हमें भी साथ ले जाना," कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. व्हिडिओ कॉलनीभर फिरला. भाजीवालासुद्धा त्यांना 'एलियन आंटी' म्हणू लागला.

मार्चमधल्या एका सकाळी विनायकरावांच्या तोंडाची उजवी बाजू ओघळलेली दिसली.

"अहो, तोंड वाकडं दिसतंय तुमचं."

"तुला काय... काहीही दिसतं," ते जड जिभेने म्हणाले.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वाकडंच होतं. विनायकरावांच्या हातातून कप पडला, तेव्हा बाईंनी फरशी पुसली आणि मटार सोलायला बसल्या.

दुपारी मुलगी देवयानी गुडगावहून आली, तोवर ते खुर्चीतून घसरून पडले होते.

"आई, तुला दिसलं नाही?" तिने हॉस्पिटलात विचारलं.

"दिसलं. वाटलं, भास असेल."

तो भास नव्हता, हे बाईंना सकाळीच पक्कं ठाऊक होतं.

विनायकराव वाचले, वाचा मात्र गेली. आता पाणी हवं असलं की ते डाव्या हाताने खूण करतात. बाई समोर बसून बघत राहतात, काहीच कळलं नसल्यासारख्या.