कापसाच्या गठ्ठ्याचा फोटो

तंजावरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर. दवाखान्याच्या तिन्ही शाखांसाठी ऑफिसचं चॅट सुरू झालं, तेव्हा त्यातले अयोग्य संदेश काढायचं कामही माझ्याकडेच आलं. सुरुवातीला मी दोन राजकीय विनोद, साड्यांची एक जाहिरात आणि गुलाबाची फुलं असलेले पुष्कळ नमस्कार काढले. कोणी काही म्हटलं नाही.

मग कोइमतूरहून नवे व्यवस्थापक आले. तीन-चार महिने सगळं पाहून झाल्यावर त्यांनी फर्मान काढलं, की भांडारातून कापसाचा गठ्ठा बाहेर गेला की त्याचा फोटो चॅटवर टाकायचा. भांडार सांभाळणारे गृहस्थ माझ्या आईचे लांबचे भाऊ, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. मामांनी तीन दिवस फोटो टाकले. चौथ्या दिवशी त्यांनी तिरुवैयारूच्या शाखेत काउंटरवर बसणाऱ्या आपल्या बहिणीला दोन ओळी लिहिल्या आणि त्या चुकून सर्वांच्या ग्रुपमध्ये गेल्या.

मजकूर आम्हा तंजावरच्या मराठी लोकांच्या मराठीत होता, पण तमिळ अक्षरांत. आमच्यात देवनागरी वाचणारे थोडेच, त्यामुळे आम्ही तसंच लिहितो. व्यवस्थापकांनी मला बोलावलं. अक्षरं ओळखीची, भाषा नाही, म्हणून त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं: "ह्या गाढवास प्रत्येक गठ्ठ्याचा फोटो पाहिजे. उद्या म्हणेल, गठ्ठा हसला नाही, परत काढ." तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर आहे. त्यांच्या तोंडून 'काडवास' आलं.

"हा काडवास कोण?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. "अयोग्य असेल तर काढून टाका."

मामांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"मान देऊन बोलायचा जुना शब्द आहे, सर," मी म्हटलं. "सरांचं प्रत्येक गठ्ठ्यावर लक्ष असतं, उद्यापासून फोटो आणखी चांगले येतील, असं लिहिलंय."

त्यांनी तो संदेश पुन्हा एकदा वाचला. "मी आल्यापासून पहिल्यांदाच कोणी बरं लिहिलं," ते म्हणाले. "काढू नका. वर पिन करा. तिन्ही शाखांना दिसू दे."

मी पिन केलं आणि भांडारात गेले. मामा गठ्ठे मोजत होते.

"मामा, तुमचा संदेश सर्वांच्या ग्रुपमध्ये गेलाय. आणि त्यांनी तो वर लावायला सांगितलाय."

मामांनी चष्मा काढून पुसला. "अर्थ काय सांगितलास?"

मी सांगितला.

"खोटं कशास सांगितलंस?"

"तुमच्यासाठी."

"मला विचारायचं होतंस. मी माफी मागितली असती. आता कशाची मागू?"

दुपारपर्यंत ओरत्तनाडूच्या शाखेतल्या औषधवाल्याने खाली हसरा चेहरा टाकला. तो आमच्यातलाच. मग मामांच्या बहिणीनेही टाकला. एवढा प्रतिसाद पाहून व्यवस्थापक खूश झाले. त्यांनी सर्वांना तमिळमध्ये आभाराचे चार शब्द लिहिले आणि शेवटी सही केली: 'तुमचा काडवास.'

ते मी जेवताना वाचलं. डबा बंद करून मी त्यांच्या खोलीत गेले.

"सर, तो मानाचा शब्द नाही."

"मग?"

मी तमिळ शब्द सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आणि बाकीचं?"

गठ्ठा हसण्याबद्दलही सांगितलं.

"म्हणजे फोटो चांगले येतील, असं काहीच नाही त्यात?"

"नाही, सर."

"काढा," ते म्हणाले. "माझाही."

मी त्यांच्यासमोर उभी राहूनच दोन्ही संदेश काढले. काढताना कारण भरावं लागतं. काय लिहू, म्हणून विचारलं. "भाषा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा न बोलावता आत गेले. मी बाहेर प्रिंटरचे कागद हातात धरून उभी राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी मामा बाहेर आले.

"काय म्हणाले?"

"बसा म्हणाले. कॉफी मागवली. मी माफी मागितली, ती त्यांनी घेतली."

"एवढंच?"

"म्हणाले, तुमचा राग आला, पण तुम्ही निदान मनातलं लिहिलंत. त्या बाईंनी मला माझ्याच सहीने हसं करून घ्यायला लावलं."

मामांनी हे मला लागावं म्हणून सांगितलं नव्हतं. मी विचारलं म्हणून सांगितलं. मी कागद प्रिंटरमध्ये भरले.

फोटोंचा नियम मामा निवृत्त होईपर्यंत राहिला. मराठीत काही आलं की व्यवस्थापक मला विचारत नसत, मामांना बोलावत, आणि मामा शब्दाला शब्द अर्थ सांगत. मला लेखी समज मिळाली. ती रास्त होती. मी सही केली.