उतारावरची माती

ओसरीत सून मातीचा नमुना कागदावर वाळवते आहे. त्या ओलसर वासाने मला पाथर्डीकडच्या आमच्या रानाची पहिली तपासणी आठवली. अहवाल चांगला यावा म्हणून मी उकिरड्याजवळची काळी माती पिशवीत भरली होती. माझ्या बायकोने, मार्थाने, ती ओतून दिली.

"अहो, ताप रानाला आलाय अन् नाडी शेजाऱ्याची दाखवता व्हय?" म्हणत तिने उतारावरची पांढरट माती उकरली. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीचा कस, अगदी कमी निघाला. मी रुसलो, तिने मात्र कापणीनंतरची धसकटं जाळू दिली नाहीत, रानातच कुजवली.

गेल्या खेपेला त्याच उतारावर कर्ब चांगला वाढलेला निघाला. गावाने घातलेला हार मी मुकाट्याने घेतला. तो मार्थाचा होता, हे आज अभिमानाने लिहितो.

"माती कुठली गं?" मी सुनेला विचारलं.

"उतारावरचीच, मामा. आत्याबाईंनी दाखवलेली जागा."