सात भिंती

माझे अप्पा पेंटर. कमठाण्यापासून भालकीपर्यंतच्या भिंतींवर कन्नड, मराठी, उर्दू, म्हणाल त्या भाषेत लिहितील आणि कोपऱ्यात बारीक सही करतील. सही नसलेलं काम त्यांच्या लेखी कामच न्हाई.

मी नौबादच्या एका छोट्या ऑफिसात जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेबसाइटी बनवते. एका ऊस रोपवाटिकेची साइट माझ्याकडं होती, आणि तिची जाहिरात भिंतींवर रंगवायचं काम अप्पांकडं. शेतकऱ्यानं भिंतीवरचा पत्ता मोबाइलात टाकला की रोपं बुक करायचं पान उघडायचं. एकदा जेवताना अप्पा म्हणाले, "एवढा लांब पत्ता कामून ठेवलीस गं? लिहून लिहून मनगट दुखायलंय."

मला लागलं ते. कोणत्या पत्त्यावर कोणतं पान उघडायचं आणि बटण दाबल्यावर काय व्हायचं, हे आमच्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे साइटच्या तयार सांगाड्याच्या, एका फाइलीत लिहिलेलं असतं. दुसऱ्याच दिवशी मी तिथं छोटा, सुटसुटीत पत्ता टाकला आणि जुनी ओळ कचरा समजून पुसली. राहिलेल्या भिंती तरी सोप्या जातील म्हणून केवढी खूश होते मी. रंगवून झालेल्या सात भिंती माझ्या टाळक्यातच आल्या न्हाईत.

चार दिवसांत बोंब झाली. भिंतीवरचा पत्ता टाकला की 'पान सापडलं नाही'. रोपवाटिकेचे मालक अप्पांना म्हणाले, "पेंटर, चुकीचं लिहिलाव तुमी. सगळं पुसा, पुढचं काम दुसऱ्याला देतो." तीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. अप्पा चुन्याची बादली सायकलला अडकवून निघाले.

आईनं मला फोनवर हे सांगितलं, तेव्हा लाजेनं मेल्यासारखं झालं. फाइल उघडली. जुना पत्ता परत लिहिला आणि त्याच्यापुढं लिहिलं, इथं कुणी आलं तर त्याला नव्या पत्त्यावर पाठव. घर बदललेल्या माणसाचा ठिकाणा शेजारी सांगतो, तसं. मग मालकांना फोन करून चूक कबूल केली आणि गावाकडं पळाले.

अप्पा किराणा दुकानासमोरच्या भिंतीपाशी सापडले. पत्ता अजून शाबूत होता. त्यांनी आधी फक्त आपली सही पुसली होती.

"अप्पा, चूक माझी हाय. मालकांनाबी सांगितलंय. आता भिंतीवरचं बघून तुमच्या मोबाइलात टाका बरं."

चष्मा पुसून त्यांनी एकेक अक्षर टाकलं. पान उघडलं.

"म्हणजे मी बरोबरच लिहिलतो."

"व्हय. राहिलेल्या भिंतीबी तुमीच करायच्यात म्हणाले मालक."

"आणि बिघडवलीस तू."

"तुमच्या मनगटापायी."

अप्पा हसले. चुना वाळेपर्यंत थांबले, मग ब्रश घेऊन सही पुन्हा काढली. या वेळी सहीपुढं दोन शब्द जास्तीचे होते: 'आणि लेक'.

"चल," ते म्हणाले, "अजून सहा भिंतींवर लिहायचंय हे."