पुसलेले सतरा पॉइंट

मी आयुष्यात एकदाच जीपीएसची बटणं स्वतःच्या मनाने दाबली आणि आमच्या बोटीचे सतराच्या सतरा पॉइंट पुसून टाकले. चुकून नाही. नीट बसून, चहा पिऊन, ठरवून.

परवा हे नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, बॅकअप नव्हता?" होता. खरा घोळ बॅकअपचाच आहे.

आम्ही अर्नाळ्याचे, आमची मासेमारी डोलीची. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकायचे, त्यांना ते बांधायचं, मग भरती-ओहोटीचं पाणी मासळी आत लोटतं. खुंट ठोकायला जीव जातो. आणि वरून बघाल तर नुसतं पाणी. पूर्वी ते डोंगराच्या खुणांवर शोधायचे: किनाऱ्यावरच्या खुणेच्या बरोबर मागे ठरलेला डोंगर आला, अशा दोन जोड्या जुळल्या, की खाली खुंट. दोन हजार सालानंतर जीपीएस आला आणि प्रत्येक खुंटाचे अक्षांश-रेखांशाचे आकडे, म्हणजे पॉइंट, त्यात राहू लागले. घरात दहावी पास मी एकटी. त्यामुळे लायसन, डिझेलचं पुस्तक, बंदरावरची विक्री आणि हे यंत्र माझ्या ताब्यात. शिक्षणाचा माजही होताच.

बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, माझे धाकटे दीर महादू भाऊजी. त्यांच्या मेव्हण्याने नवी बोट घेतली होती आणि ती अख्खा हंगाम आमच्या आसपासच दिसायची. समुद्र एवढा मोठा, मग हिचं आमच्याच शेजारी काय पुरलंय? माझं डोकं चालू झालं.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असताना भाऊजी आले. "वहिनी, ती मशीन दे. दोन दिसांनी आनून देतो."

"कशाला?"

"काम हाय." माझ्याकडे न बघता म्हणाले.

झालं. पॉइंट मेव्हण्याला चालले. पण दिराला तोंडावर नाही म्हटलं असतं तर घर फुटलं असतं. म्हणून म्हटलं, "चार्जिंगला लावते, उद्या न्या." त्या दुपारी मी सगळे पॉइंट वहीत उतरवले. वही चोरीला गेली तर? म्हणून प्रत्येक ओळीतला एकेक आकडा मुद्दाम बदलला. कुठला बदलला, ते फक्त माझ्या डोक्यात. मग यंत्र कोरं केलं आणि दुसऱ्या दिवशी हसत भाऊजींच्या हातात दिलं. काय हुशार बाई, असं आरशाला सांगितल्याचंही आठवतं.

दोन दिवसांनी त्यांनी ते परत आणलं. "आता वाजतं," एवढंच बोलले. पॉइंट गेल्याबद्दल अक्षर नाही. चोर बोंब कशी मारेल, मी मनात म्हटलं.

नारळी पौर्णिमा झाली. डोली बांधायला निघायच्या सकाळी नवऱ्याने यंत्र चालू केलं. "अगं, ह्याच्यात कायच नाय!"

मी वही काढली. "आकडे बदललेत. एक मिळवलाय."

"कुठल्या आकड्यात?"

"शेवटून दुसऱ्या... नाहीतर तिसऱ्या. काही ठिकाणी वजा केलाय बहुतेक."

"बहुतेक?" नवरा खालीच बसला. अक्षांशातल्या मिनिटाचा एक आकडा चुकला की बोट जवळजवळ दोन किलोमीटर बाजूला जाते. खुंट सापडले नाहीत तर हंगाम बुडाला.

भाऊजी शांत होते. "डोंगर हायत ना. वहिनीला बोटीत घ्या."

मला वाटलं, शिक्षा आहे. गेले. नवरा सुकाणूवर, भाऊजी पुढे नाळेवर, मी त्यांच्या शेजारी. मेव्हण्याची बोट पाठीमागे येते का, हे तेव्हाही बघत होते!

"वहिनी, किल्ल्याच्या बुरुजावर जीवदानीचा डोंगर आला का?"

"तुम्हाला दिसत नाही?"

"तू सांग."

"आला."

"आनि सुरूच्या बागेवर तुंगारेश्वर?"

"अजून नाही."

"मग चल पुढं."

मला वाटलं, टोमणा मारतायत. मग बुरूज डावीकडे होता आणि भाऊजी उजवीकडे तोंड करून विचारत होते, "आता बुरूज कसा दिसतो?"

मी त्यांच्याकडे वळले. "भाऊजी, डोळ्यांना काय झालंय?"

"मोतीबिंदू. दोन्ही." हळू म्हणाले, भावाला ऐकू जाऊ नये म्हणून. "आंधल्या तांडेलाच्या हातात बोट कोन देल?"

मग सगळं निघालं. फक्त मेव्हण्याला माहीत होतं, म्हणून तो मागचा हंगामभर जवळ राहून वाट दाखवत होता. यंत्राच्या पडद्यावरची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून खुंट जवळ आला की शिट्टी वाजेल अशी सोय त्यांनी दुकानातून करून आणली होती. यंत्र कोरं आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं.

दोन्ही खुणा जुळल्या. बारका नांगर टाकून आम्ही तळ खरवडत फिरलो. तिसऱ्या फेरीला तो खुंटाच्या जुन्या दोरात अडकला. चार दिवसांत सतरातले अकरा सापडले. सहा समुद्राने ठेवून घेतले. त्यांच्या जागी नवे ठोकावे लागले. भाऊजींच्या डोळ्यांचं घरात मीच सांगितलं आणि ऑपरेशनलाही मीच घेऊन गेले.

संशय घ्यायचा तर खुशाल घ्यावा. मूळ नोंदीला हात लावू नये.

पहिला खुंट सापडला तेव्हा मी यंत्र आणि वही घेऊन नवा पॉइंट टिपायला बसले. भाऊजींनी नांगराचा दोर हातात घट्ट धरला आणि म्हणाले, "जसं दिसतं तसंच लिव, वहिनी. डोकं लावू नको."